मोझेलकाठी निवांत सायकल: ट्रियर ते कोब्लेंझ, आधी काय आणि नंतर काय

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठाने सायकल चालवायला फारशी ताकद लागत नाही. रस्ता जवळजवळ सपाट आहे, पाट्या जागोजागी आहेत, आणि दर चार-पाच किलोमीटरवर एखादं गाव येतं. तरीही अनेकांची ही सहल फसते, कारण क्रम उलटा असतो. आधी विमानाचं तिकीट, मग रोजचे किलोमीटर, मग उरेल ते हॉटेल, आणि वाइनचं काय ते ‘तिथे गेल्यावर बघू’. मग सोमवारी दुपारी तीन वाजता, पासष्ट किलोमीटर तुडवून, बंद स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायची वेळ येते.

इथे ट्रियर ते कोब्लेंझ हा साधारण २०० किलोमीटरचा पट्टा धरला आहे. सहा दिवस सायकल, एक दिवस पूर्ण आराम. सायकल दुपारपर्यंतच, वाइन संध्याकाळी. बाकी सगळं या एका नियमाभोवती बसवायचं.

## १. आधी महिना ठरवा, मग वार

मे ते ऑक्टोबरची सुरुवात हा चांगला काळ. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला नदी फुगते, आणि सखल भागातला सायकलमार्ग पाण्याखाली जाऊ शकतो. गावांतल्या जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या दिसतात. काही खुणा डोक्याच्याही वर असतात, तेव्हा हा इशारा गंभीरपणे घ्या.

नाशिककडचा माणूस द्राक्षाचा हंगाम म्हटलं की जानेवारी ते मार्च धरतो. इथे तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत चालते. तो काळ बघायला सुंदर, पण वाइन करणाऱ्याला तेव्हा तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. निवांत गप्पा आणि चव हवी असेल तर जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. मात्र सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आसपास बेर्नकास्टेलला मोठा वाइन महोत्सव भरतो. त्या दिवसांत तिथे खोली मिळणं मुश्कील. ऑक्टोबरात सकाळी दरीत धुकं दाटतं आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो.

आता वार. इथल्या खानावळींना आठवड्याचा सुट्टीचा दिवस असतो. दारावर ‘रुहेटाग’ अशी पाटी दिसली की समजायचं. बहुतेकांची सुट्टी सोमवार, मंगळवार किंवा बुधवारी. त्यामुळे ते दिवस छोट्या खेड्यात काढू नका, बेर्नकास्टेल किंवा कोखेमसारख्या मोठ्या गावात काढा. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी फळं, ब्रेड, चीज घेऊन ठेवा.

तपासा: प्रत्येक मुक्कामाच्या गावासमोर वार लिहा, आणि त्या वारी तिथे निदान एक खानावळ उघडी आहे का ते पाहा. हे घरी बसून दहा मिनिटांत होतं.

## २. दिवसांची वाटणी

दिशा ट्रियरहून कोब्लेंझकडे ठेवा. नदीचा प्रवाह त्याच बाजूला जातो आणि वाराही बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. अर्थात नदी इतकी वळसे घेते की दिवसातून एकदा तरी वारा तोंडावर येणारच.

मला पटलेली वाटणी अशी:

- दिवस १: ट्रियर ते ट्रिटनहाइम, सुमारे ४० किमी. सुरुवातीला शहराबाहेरचा थोडा रुक्ष पट्टा, मग श्वाइखपासून खरे द्राक्षमळे.
- दिवस २: ट्रिटनहाइम ते बेर्नकास्टेल-कूस, सुमारे २५ किमी. वाटेत पीसपोर्टचा अर्धगोलाकार, उभा मळा. अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे.
- दिवस ३: बेर्नकास्टेलला आराम.
- दिवस ४: बेर्नकास्टेल ते ट्राबेन-ट्रारबाख, सुमारे २५ किमी. त्सेल्टिंगनच्या पुढे दरीवरून जाणाऱ्या, २०१९ मध्ये खुल्या झालेल्या उंच महामार्ग पुलाखालून जाल.
- दिवस ५: ट्राबेन-ट्रारबाख ते एडिगर-एलर, सुमारे ३५ किमी. शेवटी ब्रेमचं वळण आणि कालमोंटचा कडा. काही ठिकाणी त्याचा उतार ६५ अंशांपर्यंत जातो, आणि तिथेही द्राक्षं लावली आहेत.
- दिवस ६: एडिगर-एलर ते कोखेम, सुमारे २० किमी, बाइलश्टाइनला लांब थांबा घेऊन.
- दिवस ७: कोखेम ते कोब्लेंझ, सुमारे ५० किमी. सर्वांत लांब दिवस. पण या पट्ट्यात नदीच्या डाव्या काठाला रेल्वे सतत सोबत असते, म्हणून धोका नाही.

‘रोज पंचवीस-तीसच? आम्ही तर लोणावळ्यापर्यंत एका दमात जातो,’ असं म्हणणारे भेटतात. जात असाल, पण तिथे दर दोन किलोमीटरला थांबून वर बघावं असं काही नसतं. इथे ताशी बारा-चौदाचा वेग धरा. थांबे मोजले की पंचवीस किलोमीटरला सकाळ पुरते.

सावधान: पहिल्या दिवशी विमानातून उतरून थेट सायकलवर बसू नका. फ्रँकफर्ट विमानतळावरून ट्रियरला रेल्वेने तीन-साडेतीन तास लागतात. एक रात्र ट्रियरला झोपा.

## ३. मुक्काम, मग व्हिसा, मग तिकीट

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, म्हणून क्रम नीट पाळा.

पहिलं: रद्द करता येणारं मुक्कामाचं बुकिंग. इथे बऱ्याच लहान जागा एका रात्रीचं गिऱ्हाईक घ्यायला नाखूश असतात, विशेषतः शनिवारी. उपाय म्हणजे ‘बेट उंड बाइक’ हे जर्मन सायकल संघटनेचं चिन्ह असलेली ठिकाणं निवडणं. ती एका रात्रीसाठीही सायकलस्वारांना घेतात, सायकल कुलपात ठेवायला जागा देतात, आणि किरकोळ दुरुस्तीची हत्यारंही ठेवतात. एखादी रात्र तरी वाइन करणाऱ्या कुटुंबाच्या घरी काढा. खाली तळघर, वर खोल्या, अशी रचना असते, आणि रात्री प्याल्यावर फक्त जिना चढायचा असतो.

दुसरं: शेंगेन व्हिसा. जिथे जास्तीत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. इथे तो जर्मनी. मुंबई-पुण्याहून व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून अर्ज जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. प्रौढांची फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. त्यात सायकलवरून पडल्यावरचा खर्च धरला आहे ना, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचून घ्या.

तिसरं: परत न मिळणारं विमानाचं तिकीट. व्हिसा हातात आल्यावरच.

जर्मनीत किंवा आसपास नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना व्हिसाचा हा सोपस्कार नाही, पण त्यांचीही एक ठरलेली चूक असते: लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी ऐन वेळी निघणं. मे-जूनमधल्या गुरुवारच्या सणांना जोडून सगळी जर्मनी इथे येते.

तपासा: सगळ्या बुकिंगच्या तारखा, विम्याच्या तारखा आणि व्हिसा अर्जातल्या तारखा एकमेकींशी जुळतात का. एका रात्रीची फट राहिली तरी प्रश्न विचारले जातात.

## ४. सायकल घेताना अर्धा तास द्या

ट्रियरला सायकल घेऊन कोब्लेंझला सोडता येते का, ते आधी विचारा. येत असेल तर जादा पैसे पडतात. नसेल तर काही बिघडत नाही. कोब्लेंझहून ट्रियरला रेल्वेने सुमारे दीड तासात सायकलसकट परत येता येतं.

दुकानात या गोष्टी याच क्रमाने करा:

१. ब्रेक. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पायाचा ब्रेक असतो. पॅडल उलटं फिरवलं की मागचं चाक आवळतं. आपल्याकडे सिग्नलला थांबल्यावर पॅडल उलटं फिरवून वर आणायची सवय असते. इथे तसं करायला गेलात तर पॅडल जिथल्या तिथे अडकतं, आणि चालत्या सायकलवर पाय सहज उलटा गेला तर ती खाडकन थांबते, मागचा अंगावर येतो. शिवाय पुढचा ब्रेक सहसा डाव्या मुठीला असतो, आपल्याकडे तो बहुधा उजव्या हाताला. दुकानाच्या अंगणात दहा वेळा थांबून बघा. पायाचा ब्रेक नकोच असेल तर तसं बुकिंगच्या वेळीच सांगा.

२. सीट. टाच पॅडलवर ठेवून पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. जर्मन सायकली आपल्या उंचीला मोठ्या पडतात, म्हणून बुकिंग करताना उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. साडी-सलवार असो वा नसो, आडवा दांडा नसलेली सायकल सामानासह चढायला-उतरायला सोपी.

३. दिवे, घंटी, कुलूप. दिवे कायद्याने लागतात. कुलूप जाड आहे का पाहा.

४. फोटो. आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोर काढा.

विजेची सायकल घ्यावी का? सपाट रस्त्याला गरज नाही. पण गुडघे कुरकुरत असतील किंवा मळ्यांतून वर चढायची हौस असेल तर घ्या. मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते. ती सायकल २५ किलोच्या आसपास भरते आणि रेल्वेच्या पायऱ्यांवर जीव काढते. उचलण्याआधी बॅटरी काढून घ्यायची.

## ५. सामान

मोठी बॅग पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी सेवा इथे सर्रास मिळते. सकाळी ठरलेल्या वेळी, बहुधा नऊच्या आत, बॅग खाली ठेवायची. प्रत्येक बॅगेला वजनाची मर्यादा असते, तेव्हा चार जणांचं सगळं एकाच अवजड सुटकेसमध्ये कोंबू नका.

सायकलवर फक्त हे: पावसाळी जॅकेट, पाणी, पासपोर्ट, रोख रक्कम, पंक्चरचं साहित्य, सुका खाऊ. नळाचं पाणी बिनधास्त प्या. दुकानातून बाटली घेतलीत तर प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली चेपू नका, दुकानातल्या यंत्रात टाकून पैसे परत घ्या.

## ६. रस्त्यावर: उजवीकडून चालायचं

पहिल्या तासाला मेंदू डावीकडे ओढतो. धोका सरळ रस्त्यावर नसतो, तो असतो थांबून पुन्हा निघताना. फोटो काढून, पाणी पिऊन निघालात की हात आपोआप डाव्या बाजूला वळवतो. म्हणून प्रत्येक वेळी निघताना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणा. हसतील लोक, हसू दे.

गावातल्या लहान गल्ल्यांत पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या गोलात पांढरी सायकल म्हणजे सायकलने तिथूनच जायचं. पादचारी भागात उतरून ढकलत चाला. बेर्नकास्टेल आणि कोखेमच्या जुन्या भागात दगडी फरशी आहे, ओली झाली की चाक सरकतं. चालवता चालवता फोन हातात धरला तर ५५ युरो दंड.

आता काठ कसा निवडायचा. पाट्यांवर आणि माणसांच्या बोलण्यात उजवा-डावा काठ हा नदीच्या प्रवाहाकडे तोंड करून मोजतात, तुमच्या तोंडाच्या दिशेने नाही. ट्रियरहून निघालात तर दोन्ही एकच, म्हणूनही तीच दिशा सोपी. नदीच्या वळणाची बाहेरची बाजू उभ्या कड्याची असते. तिथे मळा, मोटाररस्ता आणि सायकलमार्ग एकमेकांना खेटून जातात. आतली बाजू सपाट, मळे आणि बागांतून जाणारी, शांत. तेव्हा प्रत्येक पुलावर थांबून पुढचं वळण नकाशावर बघा, आणि जमेल तिथे आतल्या बाजूला जा. दृश्य मात्र बाहेरच्या कड्याचं चांगलं, आणि ते आतल्या काठावरूनच दिसतं. दुहेरी फायदा.

सावधान: मळ्यांतले डांबरी रस्ते मुळात शेतकऱ्यांचे आहेत. ट्रॅक्टर आला की कडेला थांबा. तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल आणि चिरडलेली द्राक्षं पडतात, त्यावर ब्रेक दाबू नका. वेलीवरचं द्राक्ष तोडणं ही चोरी आहे. एकच घड म्हणून कोणी सोडत नाही.

## ७. दमलात तर सुटका कुठून

हे निघण्याआधी पाठ करून ठेवा. ‘काय, रेल्वे पकडू’ असं म्हणणारे नेमके मधल्या पट्ट्यात अडकतात.

ट्रियर ते श्वाइख रेल्वे आहे. त्यानंतर रेल्वे नदी सोडून डोंगरापलीकडे जाते. श्वाइखपासून ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत, म्हणजे नदीच्या सत्तरहून जास्त किलोमीटरच्या पट्ट्यात, काठावर एकही स्टेशन नाही. इथे आधार सायकल ट्रेलर ओढणाऱ्या ‘रेगिओराडलर’ बसचा. ती उन्हाळी हंगामातच चालते आणि सायकलची जागा आधी आरक्षित केलेली बरी. बेर्नकास्टेल ते ट्राबेन-ट्रारबाख प्रवासी बोटही आहे, सायकल घेतात का ते धक्क्यावर विचारा.

ट्राबेन-ट्रारबाखहून बुलायपर्यंत लहान शाखा रेल्वे, आणि बुलायपासून पुढे मुख्य मार्ग. एडिगर-एलर आणि कोखेमच्या मध्ये चार किलोमीटरहून लांब बोगदा आहे. वीस किलोमीटरचं नदीचं वळण रेल्वे काही मिनिटांत कापते. पाऊस असेल तर हा मोठा दिलासा, पण ऊन असेल तर मोह टाळा, नाहीतर बाइलश्टाइन हुकेल. कोखेमच्या पुढे कोब्लेंझ शहर येईपर्यंत सगळी स्टेशनं डाव्या काठावर आहेत. उजव्या काठाने चालला असाल तर जवळचा पूल कुठे आहे ते बघूनच स्टेशन ठरवा.

या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यातल्या स्थानिक गाड्यांमध्ये आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर सायकल फुकट नेता येते, जागा असेल तर. गर्दीच्या रविवारी संध्याकाळी जागा नसते. चार-पाच जणांचा गट असेल तर राज्याचं एक दिवसाचं सामूहिक तिकीट स्वस्त पडतं.

## ८. वाइन: सायकलला कुलूप लावल्यावर

जर्मनीत सायकलस्वारालाही दारूचा कायदा लागतो. रक्तातलं प्रमाण १.६ प्रति हजार असेल तर नीट चालवत असलात तरी गुन्हा. ०.३ ला झोकांड्या खाल्ल्या किंवा अपघात झाला तरी कारवाई होते. दुपारच्या उन्हात दोन ग्लास रिकाम्या पोटी घेतले की ०.३ लांब नसतं. जेवताना घ्यायचीच असेल तर एक छोटा ग्लास, मग तासभर विश्रांती.

चव घ्यायला जाण्याचा क्रम:

१. आधी फोन किंवा मेल. वाइन करणारा दिवसा मळ्यात असतो. संध्याकाळी पाचनंतरची वेळ मागा, किती जण ते सांगा.

२. कोरडीकडून गोडाकडे. उलट प्यालात तर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. इथलं मुख्य द्राक्ष रिस्लिंग. लेबलवर ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, ‘फाइनहेर्ब’ म्हणजे किंचित गोडसर. काही कळलं नाही तर अल्कोहोलचा आकडा वाचा. ७ ते ९ टक्के म्हणजे साखर वाइनमध्ये शिल्लक आहे, गोड लागणार. साडेअकराच्या पुढे म्हणजे बहुधा कोरडी. पहिल्यांदाच पिणाऱ्यांनी ‘काबिनेट’ या हलक्या प्रकारातली गोडसर रिस्लिंग मागावी. ती आपल्या जिभेला लगेच पटते.

३. थुंकायला लाजू नका. टेबलावरचं भांडं त्यासाठीच असतं. सहा-आठ प्रकार चाखायचे तर तेच शहाणपण.

४. शेवटी पैसे किंवा खरेदी. चव घेण्याचे पैसे आहेत का, ते सुरुवातीलाच विचारा. नसतील तर दोन बाटल्या घ्याव्यात. फुकट पिऊन उठणं बरं दिसत नाही.

सगळ्यात मजेची जागा म्हणजे ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’. वाइन करणाऱ्याच्या अंगणात किंवा कोठारात, वर्षातून जास्तीत जास्त चार महिने चालणारी, कमाल चाळीस खुर्च्यांची खानावळ. दारावर झाडू किंवा हिरव्या डहाळ्यांचा गुच्छ टांगलेला असेल तर उघडी आहे. वाइन घरचीच, जेवण साधं. अशी जागा दिसली तर ठरवलेलं हॉटेल सोडून द्या.

शाकाहाऱ्यांसाठी: कांद्याचा केक आणि परतलेले बटाटे दिसायला निरुपद्रवी असतात, पण दोन्हींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. ऑर्डर देताना ‘ओने श्पेक’ म्हणा, म्हणजे ते वगळून. ब्रेड-चीजची थाळी आणि हंगामी सूप बहुतेक ठिकाणी मिळतं. दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघर बंद असतं, त्यामुळे जेवण दीडच्या आत उरका. लहान ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. पन्नास-शंभर युरो सुटे खिशात हवेत.

## ९. परतीची तयारी

बाटल्या सायकलवर वाहू नका. वाइन करणारे खोक्यात बांधून जर्मनीतल्या पत्त्यावर पाठवतात, तिथे कोणी ओळखीचं असेल तर सोय झाली. भारतात नेताना प्रौढ माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त. म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या सुखाने बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. हातातल्या बॅगेत ठेवल्या तर सुरक्षा तपासणीतच सोडाव्या लागतील.

कोब्लेंझला नदी ऱ्हाइनला मिळते त्या टोकावर गर्दी असते. सायकल तिथे बेवारस सोडू नका. दुकान रविवारी उघडं आहे का, बंद होण्याची वेळ काय, हे सायकल घेतानाच लिहून घ्या. सायकल परत करताना पुन्हा फोटो काढा, अनामत परत मिळाल्याची पावती मागा, आणि मागच्या बॅगेचा खालचा कप्पा उघडून बघा. पंक्चरचं साहित्य आणि घराची किल्ली नेमकी तिथेच राहते.